माशांची नावे कुणाच्या तोंडची?

माशाला स्वतःचे नाव ठाऊक नसते, ही त्याची मोठीच सोय आहे. नाव घेताना आपली जीभ अडखळली तरी त्याचे काही बिघडत नाही. अडचण होते ती माणसांची. आमच्या शिरवळच्या बाजारपेठेत माझ्या धाकट्या दिरांचे शोभेच्या माशांचे छोटेसे दुकान आहे. ते माल आणायला पुण्या-मुंबईला गेले की गल्ल्यावर मी बसते. गेली बारा वर्षे बसते आहे. एवढ्या काळात माशांविषयी जे कळायचे ते कळलेच; पण माणसे नावाला किती बिचकतात, हे त्याहून अधिक कळले.

गिऱ्हाईक येते, काचेसमोर उभे राहते, आवडलेल्या माशाकडे बोट दाखवते आणि म्हणते, "काकू, हा द्या." कुठला, म्हणून विचारले तर, "हाच की, तो निळा." टाकीवर नावाची इंग्रजी चिठ्ठी असते. ती वाचता येत नाही असे नाही. पण मोठ्याने वाचायची नसते. चुकले तर लोक काय म्हणतील? शिरवळ हे महामार्गावरचे गाव. पुण्याचे, साताऱ्याचे, कोल्हापूरचे पाहुणे येता-जाता थांबतात. एकदा आठवी-नववीतला एक मुलगा धीर करून म्हणाला, "काकू, चिचलिड आहे का?" शेजारी उभे असलेले बाहेरगावचे एक गृहस्थ खो खो हसले. मुलगा नंतर एक शब्द बोलला नाही. दोन गप्पी घेतले आणि गेला. दुसऱ्याच्या तोंडातून शब्द वेडावाकडा आला म्हणून हसायचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरला, आणि मी ह्या नावांच्या मागे लागले. ही नावे आली कुठून? ठेवली कोणी? आणि त्यांचा खरा उच्चार असा काही असतो तरी का?

नियम स्पेलिंगचा, उच्चाराचा नाही

प्रथम शास्त्रीय नावांचे पाहू. प्राण्यांना नावे कशी द्यावीत, याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. कोणते नाव आधीचे, कोणते नंतरचे, स्पेलिंग काय ठेवायचे, याचा त्यात काटेकोर विचार केलेला आहे. पण नाव उच्चारायचे कसे, यावर ह्या नियमांची सक्ती नाही. कारण उघड आहे. ही नावे लॅटिन वळणाची असतात आणि लॅटिन आज कोणाचीच मातृभाषा नाही. इंग्रज ती इंग्रजी पद्धतीने वाचतो, जर्मन जर्मन पद्धतीने, इटालियन आपल्या.

आता तो 'चिचलिड' घ्या. इंग्रजीत त्याचा रूढ उच्चार 'सिक्लिड'. मूळ शब्द ग्रीक, त्यात सुरुवातीला 'क' होता. आणि इटालियन माणूस ह्याच माशांना 'चिक्लिदी' म्हणतो. म्हणजे आमच्या गावच्या त्या मुलाचे पहिले अक्षर तरी थेट रोमच्या वळणाचे होते! तिथल्या दुकानात त्याला कोणी त्या 'चि'साठी हसले नसते.

तरी व्यवहारासाठी काही खुणा लक्षात ठेवाव्यात. आमच्या दुकानात येणाऱ्यांना मी त्या सांगते. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीलाच 'पी'च्या पुढे लगेच 'टी' आला, तर 'पी' गिळायचा. एंजल माशाचे शास्त्रीय नाव 'टेरोफिलम' असेच म्हणतात. शब्दाच्या सुरुवातीला 'एक्स' आला तर 'झ' म्हणायचे. स्वोर्डटेलचे नाव 'झिफोफोरस'. आणि स्वोर्डटेल म्हणजे तलवारशेपट्या. त्या इंग्रजी शब्दात 'डब्ल्यू' मूक असतो, म्हणून साहेब 'सोर्डटेल' म्हणतो. आपल्याकडे मात्र सगळ्या दुकानांत 'स्वोर्डटेल'च चालतो आणि मासा मिळायचा राहत नाही.

काही नावे माणसांची आहेत. गप्पी हे त्यातले सर्वांत घरगुती. रॉबर्ट लेचमियर गप्पी नावाचे गृहस्थ वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर राहत. त्यांनी पाठवलेल्या माशांना लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या गुंथर ह्या शास्त्रज्ञाने १८६६ साली त्यांचे नाव दिले. पुढे कळले की हा मासा पीटर्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ सालीच नोंदवला होता. नियमाप्रमाणे गप्पींचे नाव शास्त्रातून गेले, पण लोकांच्या तोंडून गेले नाही. आपल्याकडे तर गप्पी मासे पाळून हिवताप टाळण्याचा सल्ला भिंतींवर रंगवलेला असतो. मराठी माणसाने त्यात 'गप्पा' ऐकल्या आणि नाव आपलेसे केले. मॉलीचे नाव मोलियां नावाच्या फ्रेंच अर्थमंत्र्यावरून पडले. टेट्रा आणि प्लॅटी ही लांबलचक शास्त्रीय नावांची कापून घेतलेली शेपटे, किंवा खरे तर डोकी.

फायटरचे प्रकरण वेगळे. एकेका बाटलीत एकेकटा ठेवलेला हा पिसाऱ्याचा मासा. त्याचे नाव 'बेट्टा'. ते मलाय भाषेतून आले, १८५० साली ब्लीकर ह्या डच डॉक्टरने ते पुस्तकात नेले. 'ट'वर जोर द्यायचा, की नुसते झाले. पण इंग्रजीत कितीतरी लोक 'बेटा' म्हणतात, आणि मग आमच्याकडे "काकू, मादी बेटा आहे का?" अशी विचारणा होते. आता ह्यावर हसू येते ते माझेही आवरत नाही. पण हसते ती भाषेच्या गमतीला, विचारणाऱ्याला नाही.

खोलशे, पुंटी आणि धानी

इथवर मला वाटत होते की ही सगळी दूरदेशीची नावे आहेत; आपण फक्त ती नीट म्हणायची. हा समज एका रविवारी गेला. कारखान्याला सुट्टी होती. इथल्या एका कारखान्यात कामाला आलेला बंगालकडचा एक तरुण दुकानासमोर रेंगाळत होता. निळ्या-तांबड्या पट्ट्यांच्या ड्वार्फ गुरामीच्या टाकीशी आला आणि एकदम ओरडला, "खोलशे!" मग आपल्या हिंदीत म्हणाला, "हा तर आमच्याकडे भाताच्या खाचरात मिळतो. ह्याचे पैसे घेता?"

दीर आले तेव्हा त्यांना सांगितले. त्यांच्याकडे माशांची जाडजूड पुस्तके आहेत. शोधता शोधता सापडले ते असे. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाचे स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. आधी त्यांचे आडनाव बुकॅनन. गंगा आणि तिच्या शाखांमधल्या माशांवरचा त्यांचा ग्रंथ १८२२ साली प्रसिद्ध झाला. शेकडो माशांची वर्णने लिहायची, प्रत्येकाला नाव द्यायचे, एवढी लॅटिन विशेषणे आणायची कुठून? त्यांनी सोपा मार्ग धरला. तिथले लोक माशाला जे म्हणत, त्यालाच लॅटिनचे शेपूट जोडले. लाल खोलिशाचा झाला 'लालियस'. पुंटी नावाच्या छोट्या खवल्यांच्या माशावरून झाला 'पुंटियस', आणि आज जगभरचे हौशी लोक टायगर बार्बपासून रोझी बार्बपर्यंतच्या माशांच्या जुन्या नावांत हा पुंटियस उच्चारतात. भाताच्या शेतात सापडतो तो धानी. त्याचा झाला 'डॅनिओ'.

हा डॅनिओ म्हणजे आपल्याकडचा झेब्रा मासा. दुकानातला सर्वांत स्वस्त माल. पण जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत, आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतसुद्धा, ह्याच माशावर संशोधन चालते, कारण त्याचे भ्रूण पारदर्शक असते आणि त्यात अवयव घडताना दिसतात. तिथले शास्त्रज्ञ दिवसातून पन्नास वेळा 'डॅनिओ' म्हणत असतील. म्हणतात ते धानी. आपल्या ताटातले रोहू, कटला, मृगळ यांचेही तेच. 'रोहिता', 'कटला', 'मृगला' ही त्यांची शास्त्रीय नावे हॅमिल्टनच्याच ग्रंथातली. रोहित म्हणजे तांबूस, हे कळायला लॅटिनचा कोश कशाला हवा?

सायक्ससाहेबांचे मराठी

मग मनात आले, बंगालचे हे असे, तर आपल्या दख्खनचे काय? उत्तर इतके जवळ असेल असे वाटले नव्हते. कर्नल विल्यम हेन्री सायक्स हे कंपनी सरकारचे अधिकारी. १८२४ सालापासून दख्खनची पाहणी करण्याचे काम त्यांच्याकडे होते. जमीन, पिके, लोकसंख्या मोजता मोजता त्यांनी पक्षी आणि मासेही नोंदवले. भीमेच्या आणि मुळा-मुठेच्या खोऱ्यातल्या माशांवरचा त्यांचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाने १८३९ साली छापला. त्यातली नावे दिरांनी वाचायला सुरुवात केली तेव्हा ते इंग्रजी थाटात वाचत होते. मी म्हटले, "अहो भावजी, थांबा. हे मराठी आहे."

सायक्सची लिहिण्याची रीत एकदा कळली की कुलूप उघडते. 'ई' अक्षर दोनदा आले की 'ई' म्हणायचे, 'ओ' दोनदा आला की 'उ' किंवा 'ऊ'. मग 'सीन्गटी' ही शिंगटी होते. 'सीन्घाला' हा शिंगाळा. 'गोग्रा' हा घोगरा. इंग्रजी लिपीत 'घ'चा 'ग' झाला एवढेच. 'मुल्ल्या' म्हणजे मळ्या. 'अल्कूटी' ही अळकुटी, चांदीच्या कातरणासारखी दिसणारी एवढीशी मासोळी. 'फुलंगी', 'बाळुकी', 'खुद्री', 'नुक्ता' सगळी आपली मंडळी! 'मूरेह' म्हणून जो लिहिला आहे तो तळाच्या वाळूत राहणारा मासा परदेशी हौशी लोक पाळतात आणि त्याला 'महाराष्ट्र झिपर लोच' म्हणतात. शास्त्रातले नाव मात्र सायक्सने ऐकलेलेच. पॅरिसचा प्राध्यापक असो की टोकियोचा, मळ्याबद्दल लिहायचे तर त्याला 'गॅरा मुल्ल्या' असेच लिहावे लागते, आणि तो उच्चारताना अडखळतो. त्याला 'ळ' येत नाही. आपल्याला येतो.

ही यादी मी देवनागरीत उतरवून गल्ल्यात ठेवली. नदीकाठच्या भोई समाजातले एक वयस्कर गृहस्थ, माझ्या सासऱ्यांच्या ओळखीचे, बाजाराला आले की आमच्या पायरीवर टेकतात. नीरेत आणि खाली वीर धरणाच्या पाण्यात त्यांचा जन्म गेला. एकदा त्यांना मी यादी वाचून दाखवली.

"मळ्या?"

"आं, मळ्या. धारंला दगडाला चिकटून बसतो त्यो."

"शिंगटी?"

"तिचा काटा लागला तर रातभर ठणकतंय, सूनबाई."

"अळकुटी?"

"पोरं फडक्यात धरत्यात ती."

घोगरा ओळखला, खुद्री ओळखली. पुढे 'गुंगवारी' आणि 'इचकिया' आले, तेव्हा म्हातारबाबा थांबले. दोनदा पुन्हा म्हणायला लावले. मग मान हलवली. "हे आमच्या आज्याला म्हाईत असंल." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "ही नावं त्या साहेबानं कुनाकडनं घेतली?" मी म्हटले, इथल्याच माणसांकडून, दोनशे वर्षांपूर्वी. ते म्हणाले, "मग आमचीच की."

मला त्या दुपारी जे जाणवले ते सांगायलाच हा लेख लिहिते आहे. 'चिचलिड' म्हटल्याने भाषेचे काही बिघडत नाही. आज ना उद्या जीभ वळते. पण 'गुंगवारी' हा शब्द लंडनच्या कागदावर आहे, लॅटिनमध्ये आहे, आणि आमच्या पायरीवर बसलेल्या, नदीत आयुष्य काढलेल्या माणसाच्या तोंडात उरलेला नाही. चुकलेला उच्चार दुरुस्त करता येतो. विसरलेले नाव कोणाला विचारायचे?

'एन्सिस' म्हणजे आपला 'कर'

सगळेच काही हरवलेले नाही. अलीकडे नावे ठेवणाऱ्यांत आपली माणसेही आहेत. केरळातल्या नद्यांमधला लाल-काळ्या पट्ट्यांचा 'मिस केरळ' मासा परदेशी टाक्यांत फार मिरवतो. त्याचे नाव डेनिसोनी, म्हणजे डेनिसनचा. हे डेनिसनसाहेब मद्रासचे गव्हर्नर होते. नावाच्या शेवटी दोन 'आय' दिसले की तो आपला 'चा' समजावा. २०१३ साली ह्या माशाच्या कुळाला नवे नाव मिळाले, 'सह्याद्रिया'. ते देणाऱ्या चौघांत पुण्याचे नीलेश डहाणूकर होते. हा उच्चार शिकवायला कोणी लागत नाही.

आणि आमच्या सातारा जिल्ह्याचा मासाही जगाच्या टाक्यांत आहे बरे का! वेण्णा नदीतली एक लहानशी खवली. ई. जी. सायलस ह्या शास्त्रज्ञांनी १९५३ साली तिला 'सह्याद्रिएन्सिस' नाव दिले. लांबलचक वाटते, पण 'एन्सिस' म्हणजे अमुक ठिकाणचा राहणारा. आपण 'कर' लावतो तसे. सह्याद्रिएन्सिस म्हणजे सह्याद्रीकर. हौशी लोक तिला 'खवली बार्ब' म्हणतात, म्हणजे मराठी नाव इंग्रजी होऊन परत आले. २०२० साली तिचे कुळही बदलले आणि ती 'वैखोमिया' झाली. हे नाव मणिपूरचे मत्स्यशास्त्रज्ञ वैखोम विश्वनाथ यांच्या सन्मानार्थ. ज्याला हे ठाऊक नाही तो 'वाइखोमिया', 'वेकोमिया' काहीही म्हणेल. नावामागचा माणूस कळला की उच्चार आपोआप सुधारतो. गोव्यातल्या एका सुंदर बार्बला १९९२ साली 'सेटनाई' नाव मिळाले; मुंबईचे मत्स्यखात्याचे संचालक राहिलेले सेटना त्यात आहेत, आणि नाव देणाऱ्या दोघांपैकी छापगर हे तारापोरवाला मत्स्यालयाचे क्युरेटर होते.

चिलापी आली, सकर आला

नावे एकाच दिशेने प्रवास करीत नाहीत, हे बाजारात गेले की दिसते. चिलापी नावाचा मासा आता सगळ्यांना ठाऊक आहे. तो मूळचा आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आणला गेला. पुस्तकातले नाव 'टिलापिया'. तेही मुळात आफ्रिकेतल्या त्स्वाना भाषेतले. त्या भाषेत माशाला जे म्हणतात ते देवनागरीत लिहायचे तर 'त्ल्हापी'च्या जवळपास जाते. साहेबाने त्याचे टिलापिया केले, आपल्या कोळ्या-भोयांनी चिलापी केले. कोणीही बिचकले नाही, कोणीही हसले नाही. मासा जाळ्यात रोज येत होता, त्याला हाक मारायला नाव हवे होते. आणि गंमत म्हणजे ही चिलापीसुद्धा सिक्लिडच!

पण चिलापीबरोबर आणि तिच्यामागून जे येते आहे ते गमतीचे नाही. टाकीतले शेवाळ खायला लोक 'सकर' नेतात. बोटाएवढा नेलेला हा दक्षिण अमेरिकेतला मासा हातभर वाढतो, मग टाकीत मावत नाही. "काकू, ह्याला नीरेत सोडतो," असे मला महिन्यातून एकदा तरी कोणी सांगते. मी म्हणते, सोडू नका, परत आणून द्या, पैसे मागणार नाही. नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेला मिळते. उजनीच्या पाण्यात मच्छीमारांच्या जाळ्यात सकर सापडत असल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. त्याची पाठ चिलखतासारखी, काटे टणक. जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. आणि शेवाळ खरवडून खाण्याचे जे काम तो करतो, तेच काम धारेच्या दगडाला ओठाखालच्या चकतीने चिकटून आपला मळ्या युगानुयुगे करीत आला आहे. परक्याचे नाव मुलांना तोंडपाठ आहे, घरच्याचे कोणी घेत नाही. ज्याचे नाव घेणारा उरत नाही, तो नदीतून कमी झाला तरी कळणार कोणाला?

म्हणून आम्ही दुकानात दोन साध्या गोष्टी केल्या आहेत. प्रत्येक टाकीवरच्या चिठ्ठीवर आता इंग्रजी नावाखाली देवनागरीत उच्चार लिहिला आहे आणि त्याखाली एक ओळ, नाव कुठून आले याची. गिऱ्हाईक मोठ्याने वाचू लागले आहे. दुसरी गोष्ट, गल्ल्यामागच्या भिंतीवर एक वही टांगली आहे. तिच्यात फक्त आपल्या नद्यांमधल्या माशांची मराठी नावे लिहायची. कोणी सांगितले, कोणत्या गावचे, मासा दिसतो कसा, एवढे सोबत. 'ळ', 'घ', 'ण' जसे ऐकू येतील तसे. पशुवैद्यकीय महाविद्यालयातली काही मुले आपल्या गावाकडून नावे विचारून आणतात. एकाच माशाला नीरेकाठी एक नाव आणि कृष्णेकाठी दुसरे असते, दोन्ही लिहायची.

वाचकांपैकी कोणाच्या घरी नदीकाठी वाढलेले आजी-आजोबा असतील, तर ह्या सुट्टीत त्यांना तेवढे विचारा. पावसाळ्यात ओढ्याला कोणते मासे चढत, त्यांना काय म्हणत, मुले कोणते फडक्यात धरत. उत्तर लगेच लिहून ठेवा. आमच्या वहीत आजवर एकोणतीस नावे जमली आहेत. गुंगवारी अजून कोणी सांगितलेली नाही.